इल्म, अमल आणि डिझेलचा पंप

माझे मामू डिझेल पंपाचे मिस्त्री होते. मोटार स्टँडच्या मागे, दहा बाय बाराच्या पत्र्याच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. ट्रक आणि ट्रॅक्टरचे पंप तिथे दुरुस्तीला यायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही भाचेमंडळी दुपारभर तिथेच पडून असायचो. चहा आणायचा, पाने-स्क्रू हातात द्यायचे, एवढंच आमचं काम. दोन गोष्टींची मात्र सक्त मनाई होती. एक म्हणजे, मामू नोझल तपासत असताना फवाऱ्याच्या पुढे हात न्यायचा नाही. दुसरी, डिझेलच्या ट्रेमध्ये बुडवून ठेवलेले पंपाचे सुटे भाग फडक्याने पुसायचे नाहीत. बाकी सगळ्या दुकानात काळं ग्रीस आणि कळकट फडकी, पण त्या ट्रेजवळ मामू वुजू करून नमाजला उभं राहावं तसे वागायचे. हात धुऊन बसायचे, भाग ओलेच उचलायचे आणि ओलेच बसवायचे.

का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. “उस्तादने सांगितलं होतं,” एवढंच म्हणायचे.

हे सगळं आठवायचं कारण असं. मागच्या महिन्यात नववीतला माझा एक विद्यार्थी मधल्या सुट्टीत मोबाइल घेऊन आला. त्यावर फिरत आलेला एक मजकूर होता. मोटारीचा पंप आठशे वर्षांपूर्वी मुसलमानांनी शोधला, युरोपने तो चोरला, असा त्याचा मथितार्थ. “सर, हे खरं आहे का?” हा मुलगा शाळा सुटल्यावर गॅरेजवर जातो. हात चांगला आहे. त्याचे अब्बा त्याला यंदाच शाळेतून काढायच्या विचारात आहेत, हे मला माहीत होतं. त्यामुळे हो किंवा नाही म्हणून त्याला वाटेला लावणं मला बरं वाटलं नाही. मी म्हणालो, “बेटा, मला आठ दिवस दे.” त्या आठ दिवसांत जे वाचलं, जुनं जे आठवलं आणि ओळखीच्या मिस्त्रींकडून जे समजून घेतलं, ते इथे मांडतो आहे.

नफ्त फेकणारी पिचकारी

पंप म्हणजे मुळात काय? एक नळी, तिच्यात मागेपुढे सरकणारा दट्ट्या, आणि दोन झडपा. एक झडप फक्त आत उघडते, दुसरी फक्त बाहेर. दट्ट्या मागे गेला की पहिलीतून द्रव आत येतो, पुढे गेला की दुसरीतून बाहेर जातो. हातपंप असो, सायकलचा पंप असो की ट्रकचा, तत्त्व हेच. आणि नीट पाहिलं तर पंपाचं खरं डोकं दट्ट्यात नसून झडपेत असतं. झडप गळाली तर दट्ट्या कितीही ताकदीने चालवा, द्रव आला तसा परत जातो.

हे तत्त्व मुसलमानांच्याही फार आधीचं आहे, हे आधी मान्य करून टाकू. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियातल्या टेसिबिअस नावाच्या ग्रीक कारागिराने दोन सिलिंडरांचा, झडपांचा पंप बनवला होता. रोमन लेखक विट्रुवियस याने त्याचं वर्णन करून ठेवलं आहे. हा पंप पाण्यातच उभा असायचा. म्हणजे तो पाणी ओढत नव्हता, आपोआप आत शिरलेलं पाणी वर ढकलत होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

नवव्या शतकात बगदादमध्ये मुहम्मद, अहमद आणि हसन हे तिघे भाऊ होऊन गेले. इतिहास त्यांना बनू मूसा, म्हणजे मूसाचे मुलगे, म्हणून ओळखतो. सन 850 च्या सुमारास त्यांनी ‘किताब अल-हियल’ लिहिली. तिच्यात सुमारे 100 युक्त्यांचं वर्णन आहे: आपोआप भरणारी भांडी, आकार बदलणारी कारंजी, असलं बरंचसं दरबारी करमणुकीचं. पण त्या करमणुकीच्या पोटात दोन गंभीर गोष्टी होत्या. एक, शंकूच्या आकाराची झडप, जी तशाच आकाराच्या बैठकीत घट्ट बसते. दुसरी, तरंगत्या गोळ्यावर चालणारी झडप. पाणी वाढलं की गोळा वर येतो आणि झडप बंद होते. आज आपल्या गच्चीवरच्या टाकीत हीच असते.

त्यानंतर येतात बदीउज्जमाँ अल-जजरी. दियारबकर भागातल्या अर्तुकी सुलतानांच्या चाकरीत असलेले हे कारागीर. 1206 मध्ये त्यांनी आपला ग्रंथ पूर्ण केला. त्यात 50 यंत्रं आहेत. हत्तीचं घड्याळ सगळ्यांना माहीत असतं. मला मात्र या वेळी पाण्याच्या यंत्रांपैकी एकावर थांबावंसं वाटलं. पाणचक्कीने फिरणारं एक चाक, चाकाच्या फिरण्याचं मागेपुढे सरकण्यात रूपांतर करणारी जोडणी, आणि समोरासमोर आडवे बसवलेले तांब्याचे दोन सिलिंडर. एकाचा दट्ट्या पाणी ओढत असताना दुसऱ्याचा ढकलत असतो, त्यामुळे धार फारशी खंडत नाही. प्रत्येक सिलिंडरला खाली पाण्यात सोडलेली ओढनळी आहे. म्हणजे आता पंप पाण्यात उभा राहायची गरज उरली नाही, तो कोरड्यात बसून पाणी ओढू लागला. यंत्रांच्या इतिहासकारांना या रचनेचं मोल वाटतं ते या ओढनळीमुळे आणि जोडीने चालणाऱ्या सिलिंडरांमुळे.

अल-जजरी स्वतः सांगतात की ही कल्पना नफ्त फेकणाऱ्या नळ्यांसारखीच आहे, फक्त आकाराने मोठी. नफ्त म्हणजे जमिनीतून झिरपणारं खनिज तेल. लढाईत शत्रूच्या जहाजांवर आणि तटबंदीवर ते पेटवून फेकायचे, त्यासाठी पिचकारीसारखे पंप असत, बायझंटाईन सैन्याकडेही आणि मुसलमान फौजांकडेही. म्हणजे पंप आणि खनिज तेल यांची ओळख मोटारीच्या कितीतरी शतकं आधीची. तेव्हा ती जाळण्यासाठी होती, चालवण्यासाठी नव्हे.

अल-जजरींच्या ग्रंथातला आणखी एक तपशील वाचून मी थबकलो. झडप आणि तिची बैठक यांच्यात पाणी गळू नये म्हणून दोन्ही एकमेकांवर कुरुंदाच्या पुडीने घासून बसवायच्या, असं ते सांगतात. ज्यांनी गॅरेजमध्ये इंजिनाचं हेड उतरवलेलं पाहिलं आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. मिस्त्री आजही व्हॉल्व्हला ग्राइंडिंगची पेस्ट लावतो, काठीला रबरी चोखणी बसवलेली असते तिने तो बैठकीवर दोन्ही तळव्यांत फिरवतो, आणि मग त्यात रॉकेल ओतून गळतं का ते पाहतो. पुडीच्या जागी पेस्ट आली, एवढाच फरक.

सहा सिलिंडर, एक दांडा

सोळाव्या शतकात उस्मानी सल्तनतीत तकीउद्दीन नावाचे विद्वान झाले. दमास्कसचे, खगोलाचे जाणकार. यंत्रांवरच्या त्यांच्या एका पुस्तकात सहा सिलिंडरांचा पंप आहे. सहाही सिलिंडर एकाच ठोकळ्यात ओळीने. पाणचक्कीच्या दांड्यावर सहा उंचवटे, आजच्या भाषेत कॅम, ते एकामागून एक येतील असे बसवलेले. उंचवटा आला की तरफ दबते, दट्ट्या वर उचलला जातो आणि पाणी आत ओढलं जातं. उंचवटा पुढे सरकला की दट्ट्यावर ठेवलेलं शिशाचं वजन खाली येतं आणि पाणी ढकलतं. सहाही सिलिंडरांचं पाणी शेवटी एकाच नळीत जातं.

मामूंच्या दुकानात पाहिलेला सहा सिलिंडरच्या ट्रकचा पंप डोळ्यांसमोर आणा. एक ठोकळा, त्यात ओळीने सहा प्लंजर, खाली कॅमशाफ्ट, त्यावर सहा कॅम. पहिल्यांदा चित्र पाहिलं तेव्हा मलाही वाटलं, मोबाइलवरचा मजकूर बरोबरच आहे की!

पण दोन फरक आहेत, आणि शिक्षकाने ते झाकून ठेवू नयेत. तकीउद्दीनच्या पंपात कॅम ओढायचं काम करतो आणि वजन ढकलायचं. डिझेलच्या पंपात उलट आहे: कॅम ढकलतो आणि स्प्रिंग दट्ट्या परत आणते. दुसरा फरक मोठा. पाण्याच्या पंपाला एवढंच विचारायचं असतं की पाणी वर चढलं का. डिझेलच्या पंपाला विचारायचं असतं: किती, कधी, आणि किती जोराने? या तीन प्रश्नांची उत्तरं द्यायला माणसाला पुढची साडेतीनशेहून अधिक वर्षं लागली, आणि ती उत्तरं बगदादला किंवा इस्तंबूलला मिळाली नाहीत.

ओढणं आणि ढकलणं

मोटारी आल्या तेव्हा पेट्रोलसाठी पंप नव्हताच. 1893 मध्ये जर्मनीत विल्हेल्म मायबाखने फवारा मारणारा कार्ब्युरेटर बनवला. त्यात पेट्रोलची पातळी राखायला तरंगता गोळा आणि सुईसारखी झडप होती. बनू मूसांच्या टाकीतली तीच युक्ती. पण टाकीतून कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल यायचं कसं? टाकी उंचावर ठेवायची, पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं. 1908 च्या फोर्ड मॉडेल टीमध्ये टाकी सीटखाली होती. सपाट रस्त्यावर ठीक. पण टाकीत पेट्रोल कमी असताना उभा चढ लागला की इंजिन वर आणि टाकी खाली व्हायची, पेट्रोल पोचायचंच नाही. मग लोक गाडी उलटी वळवून रिव्हर्समध्ये चढ चढवायचे.

टाकी मागे, खालच्या बाजूला न्यायची तर पेट्रोल कुणीतरी आणून द्यायला हवं. त्यासाठी इंजिनाच्याच ओढीवर चालणारी एक छोटी टाकी आली. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीने पेट्रोल या छोट्या टाकीत यायचं आणि तिथून खाली उतरायचं. पण लांब चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असला की ही ओढ मंदावते. नेमकं जास्त पेट्रोल हवं असतानाच छोटी टाकी रिकामी व्हायची.

1920 च्या दशकाच्या अखेरीस यावर सुटसुटीत उपाय रुळला: डायफ्रामचा पंप. इंजिनाचा कॅम एक दांडी हलवतो, दांडी पडद्याला खाली ओढते, पेट्रोल आत येतं. वर ढकलण्याचं काम मात्र कॅम करत नाही, पडद्याखालची स्प्रिंग करते. यातली गंमत इथेच आहे. कार्ब्युरेटर भरला की गोळ्याची झडप बंद होते. पेट्रोलला वाट नाही म्हणून पडदा खालीच थांबतो, कॅमची दांडी नुसती हलत राहते. झडप उघडली की स्प्रिंग पुन्हा ढकलते. किती पेट्रोल द्यायचं हे ठरवायला वेगळं यंत्र लागतच नाही. दाब ठरतो स्प्रिंगच्या ताकदीवर. लक्षात घ्या, इथे मांडणी तकीउद्दीनसारखी आहे: कॅमने ओढायचं आणि साठवलेल्या जोराने ढकलायचं. शिशाच्या वजनाच्या जागी स्प्रिंग आली.

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी ज्यांनी चालवली आहे, त्यांना या पंपाचा एक दोषही ठाऊक असेल. मे महिन्यात घाट चढताना गाडी गुदमरायची आणि बंद पडायची. ड्रायव्हर बॉनेट उघडायचा, फडकं पाण्यात भिजवून पंपावर ठेवायचा, बिडी ओढायला दूर जाऊन बसायचा. पंधरा-वीस मिनिटांनी गाडी सुरू. त्या ओल्या फडक्यात शास्त्र होतं. पंप इंजिनाला चिकटलेला, म्हणून तापलेला. तो लांबच्या टाकीतून पेट्रोल ओढतो, म्हणून नळीतला दाब कमी झालेला. दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. नळीत पेट्रोलची वाफ व्हायची, आणि हा पंप वाफ हलवू शकत नाही, ती नुसती दबते आणि फुगते. याला व्हेपर लॉक म्हणतात. फडकं वाफेचं पुन्हा पेट्रोल करायचं.

यावरचा कायमचा उपाय म्हणजे ओढायचंच नाही, ढकलायचं. पंप विजेवर चालवायचा आणि टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडवून ठेवायचा. आजच्या जवळपास सगळ्या पेट्रोल गाड्यांत तो असाच असतो. नळीभर दाब असतो, वाफ होत नाही. लोक विचारतात, विजेची मोटर पेट्रोलमध्ये, मग भडका कसा उडत नाही? कारण जळायला हवा लागते, आणि पंपाच्या आत असतं नुसतं पेट्रोल. उलट तेच पेट्रोल मोटरला थंड ठेवतं. म्हणून टाकी नेहमी तळाला घासून चालवू नये, पंप तापतो आणि लवकर जातो.

आता टेसिबिअस आठवा. त्याचा पंप पाण्यात उभा होता. अल-जजरींनी तो बाहेर काढला आणि ओढनळी दिली, ते त्यांच्या कामासाठी मोठं पाऊल होतं. मोटारीने एवढा मोठा वळसा घेऊन पंप पुन्हा द्रवात बुडवला. इतिहासात जुनं ते चूक आणि नवं ते बरोबर असं सरसकट नसतं. काम बदललं की बरोबर काय तेही बदलतं.

मामूंच्या ट्रेमध्ये काय होतं

डिझेलची गोष्ट अधिक कठीण. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबतात की ती तापते, आणि त्या तापलेल्या, दाबलेल्या हवेत डिझेल फवारतात. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन 1897 मध्ये यशस्वी झालं, पण फवारा मारायला त्याला वेगळी दाबलेली हवा लागायची, आणि ती दाबायला मोठा कॉम्प्रेसर. कारखान्याला आणि जहाजाला ते चाललं. ट्रकवर तो संसार कसा न्यायचा?

जर्मनीतल्या श्टुटगार्टमध्ये रॉबर्ट बॉश यांच्या कंपनीने 1922 मध्ये डिझेलच्या पंपाचं काम हाती घ्यायचं ठरवलं आणि 1927 मध्ये तो कारखान्यातून नियमित बाहेर पडू लागला. त्यानंतर डिझेलचे ट्रक खऱ्या अर्थाने रस्त्यावर आले. 1936 मध्ये मर्सिडीजची डिझेल कारही आली.

या पंपाचं मर्म प्लंजरवर कोरलेल्या एका तिरप्या खाचेत आहे. कॅम प्लंजरला दर वेळी सारखाच वर ढकलतो. मग ॲक्सिलरेटर दाबल्यावर डिझेल वाढतं कसं? प्लंजर वर जाताना बॅरलचं भोक झाकतो, तेव्हा दाब सुरू होतो. पुढे तिरपी खाच त्या भोकासमोर आली की डिझेल परत निसटतं आणि दाब संपतो. आता प्लंजर जागच्या जागी थोडा फिरवला, तर खाचेचा उंच किंवा सखल भाग भोकासमोर येतो. म्हणजे दाब लवकर संपतो किंवा उशिरा. सगळे प्लंजर एकदम फिरवायला दातांची एक आडवी पट्टी असते, तिला रॅक म्हणतात. ती गव्हर्नरला आणि पुढे ॲक्सिलरेटरला जोडलेली. किती, हा प्रश्न असा सुटला.

कधी, याचं उत्तर कॅमच्या ठेवणीत आहे. जरा हिशेब करून पाहा. इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेत असेल तर प्रत्येक सिलिंडरला मिनिटाला 1000 वेळा डिझेल द्यायचं, म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा वेळा. आणि प्रत्येक वेळी ते द्यायला मिळतात सेकंदाचे दोन-तीन हजारांश. तेवढ्यात सुरुवातही व्हायला हवी आणि शेवटही.

शेवटच जास्त अवघड. फवारा संपताना नोझलच्या टोकाला थेंब लोंबकळला तर तो नीट जळत नाही, काळा धूर होतो. त्यासाठी पंपाच्या तोंडाशी डिलिव्हरी व्हॉल्व्ह असतो. बंद होता होता तो आपल्या कमरेवरच्या पट्टीने नळीतलं थोडं डिझेल मागे ओढून घेतो. नळीतला दाब झटकन उतरतो आणि नोझलची सुई तडक बसते. एक झडप बंद होताना दुसरीला बंद व्हायला मदत करते. “नोझल टपकतंय” असं मामू म्हणायचे, तेव्हा ते नोझलकडे पाहायच्या आधी हा व्हॉल्व्ह तपासायचे.

किती जोराने, या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे त्या ट्रेमधला ओलेपणा. हजारो वेळा दाब येणाऱ्या प्लंजरवर रबराची वायसर टिकत नाही. म्हणून तिथे वायसर नाहीच. प्लंजर आणि बॅरल एकमेकांवर इतके बारीक घासून जुळवलेले असतात की त्यांच्यातली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-तीन पट असते. माणसाचा केस याच्या वीस-तीस पट जाड. एवढ्या फटीत डिझेलचाच पातळ थर वंगणाचं काम करतो. फडक्याचा एक तंतू, धुळीचा एक कण आत गेला की प्लंजर ओरखडला किंवा अडकला. आणि हे दोघं जोडीचे असतात. एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलमध्ये घालायचा नाही. बाजारात म्हणूनच त्यांना मिळून एकच नाव आहे, एलिमेंट.

फवाऱ्याच्या मनाईचं कारणही आता कळतं. हाताने दाबायच्या त्या टेस्टरवर नोझल 200 बारच्या आसपास उघडतं. ही धार माणसाची कातडी भेदून आत शिरते, वरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि आत डिझेल पसरलेलं असतं. मामू दांडी दाबायचे, नोझल कुरकुरायचं, धुक्यासारखा फवारा पडायचा आणि ते म्हणायचे, “बोलतंय, चांगलं आहे.” त्या कुरकुरण्यावरून सुई मोकळी चालते की नाही हे कळतं, हे त्यांना कानाने माहीत होतं.

बेंच बंद पडली

1951 मध्ये बंगळूरला मायको कंपनी सुरू झाली आणि बॉशच्या तंत्राने हे पंप आपल्याकडे बनू लागले. पुढे नाशिकलाही तिचा कारखाना आला. महाराष्ट्रातल्या ट्रक-ट्रॅक्टरमागे गावोगाव पंपाची दुकानं उभी राहिली. कितीतरी ठिकाणी त्या पाट्यांवरची नावं आपल्या मोहल्ल्यातली असतात. मामू त्यांतलेच.

मग दोन बदल झाले. पेट्रोलच्या बाजूने 1967 मध्ये फोक्सवॅगनच्या गाडीत बॉशची इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. विजेने उघडणारी झडप किती हजारांश सेकंद उघडी ठेवायची, हे आता छोटा संगणक ठरवू लागला. अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियात, धुराचे नियम कडक होत होते, त्यांनी या बदलाला जोर दिला. डिझेलच्या बाजूने 1997 मध्ये अल्फा रोमिओ 156 या कारमध्ये कॉमन रेल आली. इटलीत फियाटच्या संशोधकांनी तिची बरीच घडण केली आणि बॉशने ती कारखान्यात उतरवली. यात पंपाला किती आणि कधी हे विचारतच नाहीत. त्याने फक्त एका जाड नळीत सतत दाब राखायचा, सुरुवातीला 1350 बार, नंतर 2000 च्याही पुढे. बाकीचं काम नोझलच्या डोक्यावरची झडप करते.

ही झडप पाहण्यासारखी आहे. एवढ्या दाबाची सुई विजेने थेट उचलायची तर केवढा तरी चुंबक लागेल. म्हणून सुईच्या वरही तोच दाब देतात, खालीही. मग वरच्या बाजूची एक बारीकशी गोळी केसाच्या जाडीएवढी उचलायची. वरचा दाब निसटतो, खालचा दाब सुईला उचलतो. गोळी बसली की सुई बसते. विजेने गोळी हलवायची, सुई डिझेलच्याच जोराने हलते. त्यामुळे एका फेरीत मुख्य फवाऱ्याआधी छोटा फवारा मारता येतो, आणि डिझेलच्या गाडीची ती ओळखीची खडखड कमी होते.

आपल्याकडे 1 एप्रिल 2017 पासून देशभर बीएस-चार आणि 1 एप्रिल 2020 पासून बीएस-सहा आलं. डिझेलमधलं गंधक दहा लाखांत दहा भागांवर आलं. नव्या गाड्यांत जुन्या पंपाला जागा उरली नाही. कॉमन रेलचं नोझल तपासायला वेगळं, महाग यंत्र लागतं, त्यात इंजेक्टरचा सांकेतिक क्रमांक भरावा लागतो, सगळ्या सूचना इंग्रजीत. मामूंनी एकदा प्रयत्न केला. एका वितरकाकडे दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, तिथे गेले. पहिल्या दिवशी दुपारीच परत आले. अम्मीने विचारलं तर म्हणाले, “आपा, ते पडद्यावर दाखवत होते, मला वाचता येईना. नोझल हातात द्या म्हटलं तर हसले.” त्यानंतर ते जुन्या ट्रॅक्टरचेच पंप करत राहिले. शेवटी बेंच भंगारात गेली.

मामू सातवीत शाळेतून निघाले होते. हात चांगला होता म्हणून.

मुलाला दिलेलं उत्तर

अल-जजरींच्या ग्रंथाचं अरबी नाव लांबलचक आहे, पण त्याच्या सुरुवातीलाच दोन शब्द शेजारी आहेत: इल्म आणि अमल. जाणणं आणि करणं, दोन्हींची सांगड घालणारा ग्रंथ. बगदाद, दियारबकर, दमास्कस इथे काही काळ हे दोन शब्द एकाच माणसात राहत होते. ज्याला गणित येत होतं, त्यालाच कुरुंदाची पूड घेऊन झडप घासता येत होती. नंतर ते वेगळे झाले. तकीउद्दीनची इस्तंबूलची वेधशाळा 1577 मध्ये उभी राहिली आणि 1580 मध्ये पाडली गेली. किताबी ग्रंथालयांत राहिल्या, हुनर बाजारात राहिलं. अल-जजरींच्या ग्रंथाचं संपूर्ण इंग्रजी भाषांतर झालं 1974 मध्ये. तोवर बॉशचा पंप 47 वर्षांचा झाला होता. म्हणून चोरीचा आरोप टिकत नाही. तकीउद्दीनच्या सहा सिलिंडरांपासून श्टुटगार्टच्या सहा प्लंजरपर्यंत जाणारा सरळ धागा दाखवता येत नाही. सारखाच प्रश्न दोन वेगळ्या काळांत पडला आणि मांडणी सारखी निघाली, एवढंच प्रामाणिकपणे म्हणता येतं. एवढंही काही थोडं नाही.

आणि श्टुटगार्टला काय होतं? रॉबर्ट बॉश स्वतः कारागिराकडे उमेदवारी केलेला माणूस. 1886 मध्ये त्याने छोटंसं वर्कशॉप काढलं आणि 1913 मध्ये कारखान्यात उमेदवार मुलांसाठी शिकण्याची वेगळी कार्यशाळा सुरू केली. म्हणजे जे दोन शब्द आपल्याकडे दुरावले, ते तिथे एका छपराखाली आणायची सोय झाली. मला विचाराल तर त्या मजकुरावर खरं उत्तर हे आहे.

आठ दिवसांनी मी त्या मुलाला हे सगळं थोडक्यात सांगितलं. मजकूर अर्धा खरा आहे म्हणालो, आणि अर्धं खरं पुढे पाठवायचं नसतं. मग त्याच्या अब्बांना भेटायला गेलो. त्यांना अल-जजरी सांगितले नाहीत. मामू सांगितले. आयटीआयला ‘मेकॅनिक डिझेल’चा कोर्स एक वर्षाचा असतो, आणि त्याला दहावी पास लागते, हे सांगितलं. गॅरेज बंद करू नका, शाळाही बंद करू नका, एवढंच मागितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “सर, दहावीपर्यंत बघू.”

सध्या तो शाळेत येतो आहे. परवा त्याने विज्ञानाच्या वहीत डायफ्रामच्या पंपाचं चित्र काढून दाखवलं. दोन्ही झडपा बरोबर काढल्या होत्या. एकीची दिशा मात्र उलटी होती. मी पेन्सिलने खूण करून वही परत दिली. त्याने ती खोडून लगेच सुधारली, आणि गॅरेजवर जायची वेळ झाली म्हणून निघून गेला.